एकच खिळा, शंभर जुळारी

शाळेच्या संगणक कक्षातला एखादा जुना संगणक घ्यावा, त्यावर ब्राउझर सुरू करून चार-पाच पाने उघडावीत आणि मग विंडोजचा टास्क मॅनेजर पाहावा. ब्राउझर आपण एकदाच सुरू केलेला असतो. यादीत मात्र त्याचे नाव आठ-दहा ओळींत दिसते. प्रत्येक ओळीसमोर मेमरीचा वेगळा आकडा असतो. त्यांची बेरीज केली की संगणकाच्या मेमरीचा मोठा वाटा ब्राउझरनेच खाल्ल्याचे लक्षात येते. चौकस विद्यार्थी हे पाहून दोन प्रश्न हमखास विचारतात. एकाच प्रोग्रॅमच्या इतक्या ओळी कशासाठी? आणि या सगळ्या ओळींना ज्या गोष्टी सारख्याच लागतात, त्या तरी एकदाच ठेवता येणार नाहीत का?

दुसरा प्रश्न फार चांगला आहे. गेली साठ वर्षे संगणकाची माणसे तो पुन्हा पुन्हा सोडवत आली आहेत, आणि गंमत अशी की एका पिढीने बसवलेली घडी पुढच्या पिढीने मोडली, ती मोडण्यामागेही तितकेच सबळ कारण होते. या लांबलचक इतिहासाचा एकच धागा आपण येथे धरू या. तो म्हणजे फाँटचा.

फाँटच का? छापखान्यात जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवत असे. एका पानाच्या जुळणीत अडकलेला ‘क’ दुसऱ्या पानाला मिळत नसे, म्हणून एकाच अक्षराचे कितीतरी खिळे ओतून ठेवावे लागत. संगणकातल्या अक्षराला ही अडचण नाही. ते कोणी वाचले म्हणून संपत नाही की झिजत नाही. शंभर पानांना तोच ‘क’ एकाच वेळी पुरतो. शिवाय तो ‘क’ कोणी बदलतही नाही. सगळ्यांना लागणारी आणि कोणीच न बदलणारी वस्तू वाटून वापरायला याहून सोयीची कोणती? आणि तरीही अगदी अलीकडेपर्यंत ब्राउझर प्रत्येक पानासाठी जणू खिळ्यांची वेगळी केस मांडत होते.

मेमरी महाग होती तेव्हा

१९६० च्या सुमारास संगणकाची मुख्य मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या. एका कडीत एक बिट. ही मेमरी इतकी महाग होती की तिच्या काटकसरीचे वेगळे कारण कोणाला सांगावे लागत नसे. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेकांना एकच संगणक आलटून पालटून वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. त्यात मेमरीमध्ये एका वेळी एकाच माणसाचा प्रोग्रॅम बसे. त्याची पाळी संपली की तो बाहेर नेऊन ठेवायचा आणि दुसऱ्याचा आत आणायचा.

वाटून वापरण्याची खरी किल्ली १९६२ मध्ये सुरू झालेल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलास संगणकात होती. तेथे मेमरीची सारख्या आकाराची ‘पाने’ पाडली होती. प्रोग्रॅम जो पत्ता सांगे तो खऱ्या जागेचा नसे. मध्ये एक तक्ता असे, आणि ‘अमुक पान खरोखर कोठे आहे’ हे त्यावरून ठरे. ही कल्पना वर्गात समजावायला सोपी आहे. हजेरीपटावर मुलाचा क्रमांक असतो, पण तो कोणत्या बाकावर बसला आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरा तक्ता लागतो. आता दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या तक्त्यांत मुद्दाम एकाच खऱ्या पानाचा क्रमांक लिहिला तर? दोघांनाही ते पान आपलेच वाटेल, आणि मेमरीत मात्र ते एकदाच असेल. पुढच्या संगणकांत तक्त्यातील प्रत्येक नोंदीशेजारी परवानगीही लिहिता येऊ लागली: या प्रोग्रॅमने हे पान नुसते वाचावे, की त्यावर लिहावेही? पुढे आपण जे जे पाहणार आहोत ते सगळे या दोन युक्त्यांवर उभे आहे.

१९६५ मध्ये आखणी झालेल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने हे तत्त्व फारच मनावर घेतले. तेथे जवळजवळ प्रत्येक गोष्ट वाटून घेता येईल असा तुकडा होती. मल्टिक्स अवाढव्य झाली, बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये तिच्यातून बाहेर पडली, आणि त्याच प्रयोगशाळेतल्या केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी लहानशी युनिक्स घडवली. १९७१ मधल्या त्यांच्या पीडीपी-११ संगणकाची मेमरी होती २४ केबी. त्यातली १६ केबी सिस्टिमला आणि ८ केबी वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमना! आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो याच्या शंभरपट जागा सहज घेतो. त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटणीचा नियम स्वच्छ मांडलेला आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमला म्हणायचे प्रोसेस. एकच प्रोग्रॅम दहा जण चालवत असतील तर प्रोसेस दहा. पण त्या प्रोग्रॅममधल्या सूचना कोणी बदलत नसल्यामुळे त्यांची प्रत एकच, आणि तिच्यावर लिहायला सर्वांना बंदी. बदलणारी माहिती तेवढी ज्याची त्याची.

याच काळात टेनेक्स या दुसऱ्या एका सिस्टिमने आणखी एक हुशारी केली. समजा एखादे पान बदलले जाण्याची शक्यता आहे, पण बदल होईलच असे नाही. तर तेही वाटूनच द्यायचे, आणि ज्या क्षणी कोणी त्यावर लिहू पाहील त्या क्षणी फक्त त्याला वेगळी प्रत काढून द्यायची. या ‘लिहिशील तर प्रत’ पद्धतीकडे आपण पुढे परत येऊ.

अक्षरे एकाच कोठीत

पडद्यावर खिडक्या आणि नाना तऱ्हेची अक्षरे आली ती १९८० च्या दशकात. युनिक्सच्या जगात हे काम एक्स विंडो नावाच्या सिस्टिमने केले. ती १९८४ मध्ये एमआयटीतच जन्मली, आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. तिची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी लक्षणीय होती. पडदा एका प्रोसेसच्या ताब्यात असे. तिला सर्व्हर म्हणत. बाकीचे प्रोग्रॅम तिच्याकडे चिठ्ठी पाठवत: ‘अमुक फाँटमध्ये, अमुक ठिकाणी, ही अक्षरे काढ.’ फाँट सर्व्हरपाशी. वीस प्रोग्रॅम चालू असले तरी फाँट मेमरीत एकदाच. मागणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षराचा आकार कसा आहे हे पाहावेही लागत नसे.

काटकसरीचा हा आदर्श नमुना म्हणता येईल. पण तो फार काळ टिकला नाही, आणि का टिकला नाही हे मराठी वाचकाला चटकन कळेल. सर्व्हरची अक्षरे काढण्याची रीत अशी: एक क्रमांक, एक आकृती, मग पुढचा क्रमांक, पुढची आकृती. इंग्रजीला हे चालते. आपल्या लिपीत ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी उमटते. ‘क्ष’ मध्ये क् आणि ष दोन्ही असून दिसत एकही नाही. कोणत्या अक्षरांनी मिळून कोणती आकृती होते हे फाँटमधील तक्ते वाचल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि ते तक्ते तर सर्व्हरच्या कोठीत बंद! शिवाय लोकांना गुळगुळीत कडांची अक्षरे हवी होती; तीही जुन्या व्यवस्थेत नव्हती. शेवटी २००० ते २००१ च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी नवी मांडणी केली. अक्षराची आकृती आता प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतः तयार करायची आणि सर्व्हरने ती नुसती पडद्यावर ठेवायची. देवनागरीसारख्या लिप्यांची वाट यामुळे मोकळी झाली. पण त्याचबरोबर फाँटची माहिती कोठीतून निघून घरोघर गेली. संगणकात कोणते फाँट आहेत आणि कोणत्या फाँटमध्ये कोणती अक्षरे आहेत याची यादी आता प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःपाशी बाळगू लागला.

मायक्रोसॉफ्टने नेमका उलटा रस्ता धरला होता. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये चित्रे व अक्षरे काढण्याचे काम वेगासाठी थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात हलवले गेले. वाटणीचा याहून मोठा टप्पा असू शकत नाही, कारण गाभा सर्वांचा एकच. पण येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती. ट्रूटाइप फाँटमध्ये नुसत्या आकृत्या नसतात. आकृती पडद्याच्या ठिपक्यांवर नीट बसावी म्हणून त्यात बारीक बारीक सूचना असतात, म्हणजे फाँट हाही एक छोटा प्रोग्रॅमच असतो. तो संगणकाच्या सर्वांत विश्वासू भागात चालवायचा, तर तो कोणी दिला आहे हे महत्त्वाचे ठरते. २०११ मध्ये बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातील क्रायसिस प्रयोगशाळेने डुकू नावाच्या हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमचा छडा लावला. तो एका वर्ड फाइलमधून येई, आणि त्या फाइलमध्ये मुद्दाम बिघडवलेला एक फाँट असे. विंडोजच्या गाभ्याने तो फाँट वाचायला घेतला की संगणकाचा ताबा परक्याच्या हाती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ते छिद्र बुजवले. पुढे विंडोज १० च्या काळात फाँट वाचण्याचे काम गाभ्याबाहेर, एका बंदिस्त प्रोसेसमध्ये काढण्यात आले.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग हाच आहे. वाटणी दोन प्रकारची असते. एकात सगळे मिळून एक वस्तू पाहतात. दुसरीत सगळ्यांच्या वतीने कोणी एक जण ती वस्तू हाताळतो. दुसऱ्या प्रकारात त्या एकाला दगा झाला की सगळ्यांना झाला.

ब्राउझर फुटतो

आता ब्राउझरकडे वळू. २००८ पर्यंत लोकांच्या वापरातले बहुतेक ब्राउझर एकाच प्रोसेसमध्ये चालत. कितीही पाने उघडा, फाँटची यादी एकच; वाटणी आपोआप, फुकट. त्याचा तोटाही सर्वांना ठाऊक होता. एका पानावर काही बिनसले की सगळी खिडकी कोसळे आणि अर्धवट लिहिलेले पत्र त्याच्याबरोबर जाई. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला, तेव्हा त्याची रचना समजावून सांगण्यासाठी स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकाराकडून एक चित्रकथाच काढून घेतली होती. तिच्यातला मुख्य मुद्दा हा: पानांसाठी वेगवेगळ्या प्रोसेस, आणि त्या प्रत्येकीला कोंडलेले. पान दाखवणाऱ्या प्रोसेसने स्वतः डिस्कवरची फाइल उघडायची नाही. जे हवे ते पालक प्रोसेसकडे मागायचे. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीत २००९ मध्ये असेच काही केले. फायरफॉक्सला मात्र हे वळण घ्यायला ऑगस्ट २०१६ उजाडला, आणि जून २०१७ च्या आवृत्तीत पानांसाठी चारपर्यंत प्रोसेस आल्या. चारच, कारण मेमरी.

मग जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या दोषांची बातमी आली. दोष एखाद्या प्रोग्रॅममध्ये नव्हता, प्रोसेसरच्याच रचनेत होता. पुढची सूचना काय असेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर आधीच काम करून ठेवतो. अंदाज चुकला तर ते काम टाकून देतो, पण त्याची पुसटशी खूण मागे राहते. वेळ अचूक मोजून त्या खुणा वाचता येतात. म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये बँकेचे पान आणि एखादे लबाड पान शेजारी शेजारी असतील, तर लबाड पानाला बँकेच्या पानाची मेमरी चोरून वाचण्याची शक्यता निर्माण झाली. उपाय उघड होता: प्रत्येक संस्थळाला स्वतंत्र प्रोसेस. त्याच वर्षी क्रोमच्या ६७ व्या आवृत्तीत हा उपाय जवळजवळ सर्व मेज-संगणकांवर लागू झाला. गूगलने त्याची किंमतही सांगितली: एकूण मेमरीचा वापर दहा ते तेरा टक्क्यांनी वाढला.

दहा-तेरा टक्के म्हणजे फार नाही, असे भरपूर मेमरी असलेल्याला वाटेल. पण २०१९ मध्ये हेच संरक्षण अँड्रॉइड फोनवर आले, तेव्हा ते किमान २ जीबी मेमरी असलेल्या फोनपुरतेच आले, तेही ज्या संस्थळांवर पासवर्ड टाकला जातो त्यांच्यापुरते. स्वस्त फोन वापरणाऱ्याला, ज्याचा फोन हाच बहुधा एकमेव संगणक असतो त्याला, हे कवच मिळाले नाही. मेमरीच्या काटकसरीचा प्रश्न म्हणून केवळ वेगाचा किंवा सोयीचा राहत नाही. संरक्षण कोणाच्या वाट्याला येणार, हेही त्यावर ठरू लागते.

सात एमबींचा शोध

फायरफॉक्सची मंडळी २०१८ मध्ये याच कामाला लागली. त्यांचे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. संस्थळागणिक प्रोसेस म्हणजे साधारण वापरातही शंभर प्रोसेस धराव्या लागणार. प्रोसेस नुसती जन्माला घालायला, तिच्यात एकही पान नसताना, विंडोज १० वर १७ ते २१ एमबी आणि लिनक्स व मॅकवर २५ ते ३५ एमबी खर्च होत होते. गुणिले शंभर. म्हणजे सुमारे दोन ते साडेतीन जीबी रिकाम्या घरांवरच खर्च! उद्दिष्ट ठरले दहा एमबीच्या आत. म्हणजे उत्तमात उत्तम परिस्थितीतही प्रत्येक प्रोसेसमधून सात एमबी काढायचे. एका फटक्यात सात एमबी वाचतील अशी जागा कोठेच नव्हती. २० केबी, ५० केबी, १०० केबी अशी किडूकमिडूक जमवायची होती. फाँटची यादी ही त्यातली एक ठळक जागा.

या यादीत असते तरी काय? फाँटच्या कुळांची नावे, प्रत्येक कुळातले ठळक, तिरपे वगैरे प्रकार, त्यांच्या फाइली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘या फाँटमध्ये कोणकोणती अक्षरे आहेत’ याचा नकाशा. हा नकाशा लागतो, कारण पानात एखादे अक्षर असे येते की जे निवडलेल्या फाँटमध्ये नसते. इंग्रजी पानात मध्येच ‘ळ’ आला की ब्राउझरला इतर फाँट धुंडाळावे लागतात.

नकाशा साधाच असतो. युनिकोडमध्ये एकूण ११,१४,११२ क्रमांकांना जागा आहे. प्रत्येकासाठी एक बिट ठेवू: अक्षर असेल तर १, नसेल तर ०. आठाने भागले की १,३९,२६४ बाइट, म्हणजे १३६ केबी. संगणकात ३०० फाँट असतील तर जवळपास ४० एमबी. प्रोसेस शंभर असतील तर ४ जीबी! असे कोणी करत नाही, हे उघडच आहे. वाटणीच्याही आधी एक काटकसर करतात. क्रमांकांचे २५६-२५६ चे गट पाडतात, म्हणजे एका गटाला ३२ बाइट, आणि ज्या गटात एकही अक्षर नाही तो ठेवतच नाहीत. आपली देवनागरी सोळाच्या पायावरील ०९०० ते ०९७फ या १२८ क्रमांकांत आहे. त्याच गटाचा उरलेला अर्धा भाग बंगालीचा. दोन शेजारणी एका गटात नांदतात. रोमन अक्षरे आणि देवनागरी असलेल्या साध्या फाँटला रोमनचा एक गट, देवनागरीचा एक, आणि रुपयाचे चिन्ह व जोडाक्षरे जोडण्या-तोडण्याची अदृश्य चिन्हे ज्या गटात आहेत तो एक, असे तीन गट पुरतात: ९६ बाइट, आणि कोणता गट कोठे ठेवला आहे याची छोटी सूची. चिनी लिपीच्या मुख्य संचात २०,९९२ जागा आहेत. भागाकार करून पाहावा, बरोबर ८२ गट येतात, म्हणजे २,६२४ बाइट. विद्यार्थ्यांना विरळ माहिती साठवण्याचे याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही.

इतके करूनही शेकडो फाँटची नावे, प्रकार आणि नकाशे मिळून यादी भरभक्कम होते, आणि प्रत्येक प्रोसेसमध्ये तिची वेगळी प्रत होती. ती एकच करण्याचे काम जोनाथन क्यू यांनी २०१९-२० या काळात केले. भारतीय लिप्यांत पुस्तके जुळवणाऱ्यांना हे नाव परके नाही. युनिकोडमधला मजकूर आणि संगणकातले नेहमीचे फाँट थेट वापरणारी झीटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली त्यांनीच २००४ मध्ये तयार केली होती.

काम वाटते तितके सरळ नाही. यादी एकदा मेमरीत मांडून सर्व प्रोसेसना दाखवली की झाले, असे वाटते. अडचण येते ती पत्त्यांची. यादीतली एक नोंद दुसरीकडे बोट दाखवत असते: या कुळाचे प्रकार अमुक पत्त्यावर आहेत. पण वर पाहिल्याप्रमाणे पत्ता ज्याच्या त्याच्या तक्त्यातला असतो. तीच पाने एका प्रोसेसला एका पत्त्यावर दिसतात, दुसरीला दुसऱ्या. पूर्वीच्या काही युनिक्समध्ये यावर उपाय म्हणून वाटून घ्यायच्या वस्तूची जागा सर्वांसाठी कायमची ठरवून टाकत. आज ते चालत नाही. हल्लेखोराला अंदाज लागू नये म्हणून जागा मुद्दाम बदलत्या ठेवतात. वाचनालयातले एक पुस्तक शंभर घरी फिरते असे समजा. त्याच्या समासात कोणी ‘माझ्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवर पाहा’ असे लिहिले तर ते इतरांना निरुपयोगी. ‘याच पुस्तकाचे पान ४० पाहा’ असे लिहिले तर ते कोणत्याही घरी चालते. क्यू यांनी नेमके हेच केले. यादीतला प्रत्येक निर्देश ३२ बिटांचा; त्यातले १२ बिट सांगतात मेमरीचा कितवा ठोकळा, आणि २० बिट सांगतात त्या ठोकळ्याच्या आरंभापासून किती अंतरावर. लिनक्सवर फाँटची यादी ठेवणाऱ्या फाँटकॉन्फिग या प्रोग्रॅममध्ये पॅट्रिक लॅम आणि कीथ पॅकार्ड यांनी २००५-०६ मध्ये हीच युक्ती वापरली होती. म्हणजे यादी घरोघर पाठवणाऱ्या पॅकार्ड यांनीच पाच वर्षांत ती पुन्हा एकत्र आणायला हातभार लावला!

दुसरा भाग परवानगीचा. यादीवर लिहिण्याचा अधिकार फक्त पालक प्रोसेसला. पानांच्या प्रोसेसना ती नुसती वाचता येते. एखाद्या फाँटचा नकाशा अजून भरलेला नसेल तर पानाची प्रोसेस स्वतः भरत नाही. ती पालकाला विनंती करते, पालक भरतो, आणि मग तो सगळ्यांनाच दिसतो. एक जण विचारतो, फायदा शंभरांना. नवा फाँट बसवला गेला तर पालक नवी यादी मांडतो आणि तिच्यावर नवा पिढी-क्रमांक घालतो. जुना क्रमांक धरून बसलेल्यांना त्यावरून कळते की आपली यादी शिळी झाली. एखादी प्रोसेस लबाड पानाच्या ताब्यात गेली, तरी तिला इतरांची यादी बिघडवता येत नाही. डुकूच्या प्रसंगातला धोका येथे टाळलेला आहे तो असा.

अँड्रॉइडने वेगळी वाट काढली होती, आणि तिचे नाव जीवशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल: झायगोट, म्हणजे युग्मनज. फोन सुरू होताना एकच मूळ प्रोसेस फाँट व इतर सामाईक गोष्टी वाचून तयार राहते, आणि प्रत्येक नवे ॲप तिच्या विभाजनातून जन्माला येते. टेनेक्सची ‘लिहिशील तर प्रत’ युक्ती येथे उपयोगी पडते. फाँटवर कोणी लिहीत नाही, म्हणून प्रत कधी निघतच नाही. विंडोजमध्ये प्रोसेसचे असे विभाजन करण्याची नित्याची सोय नाही, म्हणून तेथे फायरफॉक्ससारखी हातमांडणी करावी लागते.

२०२१ च्या अखेरीस फायरफॉक्सची संस्थळागणिक प्रोसेसची रचना मेज-संगणकांवर सर्वांपर्यंत पोचली. अर्थात फाँटची यादी हा त्यातला एक तुकडा. असे पुष्कळ तुकडे जमले तेव्हा ते शक्य झाले.

काय वाटून घेऊ नये

नुसते वाचू दिले म्हणजे सारे निर्धोक, असेही नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युव्हाल यारोम आणि कॅटरिना फॉकनर यांनी दाखवून दिले की, दोन प्रोसेस एकच पान नुसते वाचत असतील तरी एकीला वेळ मोजून ‘दुसरीने आत्ता कोणता भाग वाचला’ हे कळू शकते. फाँटच्या यादीत गुपित असे काही नसल्यामुळे तेथे हा धोका पत्करता येतो; गुप्त किल्ल्या वापरणाऱ्या प्रोग्रॅमबाबत तसे म्हणता येत नाही.

यादी स्वतःच माणसाची ओळख सांगते, ही आणखी एक अडचण. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात असे दिसले की, संगणकावर कोणकोणते फाँट आहेत एवढ्यावरून पुष्कळ लोक गर्दीतून वेगळे ओळखता येतात. मराठी प्रकाशन संस्थेतल्या संगणकावर जे फाँट असतील ते जगात फार थोड्या ठिकाणी एकत्र सापडतील! म्हणून फायरफॉक्समध्ये आता अशी सोय आहे की पानाच्या प्रोसेसला यादी पूर्ण दिसत असली, तरी खुद्द पानाला त्यातले सर्वसाधारण फाँटच दिसावेत.

आणि जे फाँट पान स्वतःबरोबर आणते, त्यांची वाटणी तर अलीकडे मोडण्यातच आली आहे. पूर्वी एका संस्थळासाठी उतरवून घेतलेला फाँट ब्राउझर जपून ठेवी, आणि दुसऱ्या संस्थळाने तोच मागितला तर पुन्हा उतरवत नसे. पण ‘हा फाँट याच्यापाशी आधीच आहे’ हे उत्तर किती लवकर आले त्यावरून हा माणूस आधी कोठे जाऊन आला याचा माग लागतो. म्हणून क्रोमने ऑक्टोबर २०२० पासून आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ पासून ही साठवण संस्थळागणिक वेगळी केली. तोच देवनागरी फाँट, त्याच ठिकाणाहून येणारा, दोन वृत्तपत्रांच्या संस्थळांनी वापरला असेल, तर आज तो संगणकात दोनदा उतरतो आणि दोनदा साठवला जातो.